हेडफोन आईच्या कानात

अरे, तुम्हाला आमच्या ढाण्याचं सांगितलं की नाही? ढाण्या म्हणजे ऑनलाइन गेममधला माझा पार्टनर. वर्षभर एकत्र खेळत होतो, पण त्याचं खरं नाव काय, राहतो कुठे, कधी विचारलंच नव्हतं.

त्या रविवारी आमची स्पर्धेची मॅच चाललेली. जिंकलो तर फायनल. नेमका कुरिअरवाला आला. डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद, म्हणून मी धावत खाली गेलेलो. इकडे टेबलावरच्या हेडफोनमधून ढाण्या बोंबलतोय, "अरे वाचव! मागून तिघं आलेत, मरतोय मी!"

आईने ते ऐकलं आणि घाबरून हेडफोन कानाला लावला. "बाळा, कुठे आहेस तू? पोलिसांना फोन लावू का?"

तो इतका हसला की तिथेच मेला. म्हणजे गेममध्ये. आम्ही हरलो.

मी वर आलो तर आई निवांत गप्पा मारतेय. "टिटवाळ्याला एकटाच राहतोस? मग आज जेवलास काय?"

"बिस्किटं, काकू."

"बिस्किटं? ऊठ, आत्ताच्या आत्ता इकडे ये. पत्ता सांगते."

मी म्हटलं, "अगं आई, आपण ओळखतो का त्याला?"

"तू नाही ओळखत. मी विचारलंय सगळं. सागर नाव आहे त्याचं."

दुपारी बेल वाजली. दारात एक लाजरा मुलगा, हातात केळी. वर्षभराचा दोस्त पहिल्यांदाच समोर! मी मिठी मारायला पुढे झालो, तर तो माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, "काकू आहेत ना?"