आत्याबाईंची चढण

...आणि वर मलाच विचारतो, "काय हो, गाडीला दमा आहे का?" दमा! अहो, चढणीच्या निम्म्यावर माझा ट्रक उभा, मागे सिमेंटच्या गोण्या, हँडब्रेकवर माझा काडीचा भरवसा नाही म्हणून मी उडी मारून चाकाखाली दगड सारलेला, सदरा घामाने पाठीला चिकटलेला, आणि शेजारून एक सायकलवाला... सायकलवाला हो!... शीळ घालत पुढे जातो आणि मान वळवून विचारतो, दमा आहे का! बरं, विचारून गेला असता तर दोन शब्द सुनावले असते मी. पण नाही! उतरला, सायकल झाडाला टेकवली आणि मुकाट्याने गोण्या उतरवायला लागला माझ्याबरोबर. आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं? तक्रार नाही हं माझी. माणसं चांगली, फार चांगली!

आमचा ट्रक म्हणजे आत्याबाई. हे नाव गल्लीने ठेवलेलं. का, तर आधी आवाज येतो, मग खोकला येतो, मग बऱ्याच वेळाने त्या स्वतः येतात. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ऐन उमेदीत घेतलेली गाडी. त्या काळात टर्बो-बिर्बो भानगड नव्हती. साधं डिझेल इंजिन, स्वतःच्या नाकाने जेवढी हवा ओढेल तेवढीच तिची ताकद. नव्या गाड्यांचं बरं असतं, त्यांना हवा कोंबून भरवायला आत पंखा असतो. आत्याबाईंना कोण भरवणार? पण सपाट रस्त्यावर जन्मभर चालल्या बिचाऱ्या. आप्पांनी त्यांच्यावर घर बांधलं, मी त्यांच्यावर संसार केला, मुलीचं शिक्षण, लग्न... सगळं त्यांच्या पाठीवर.

आणि मग ती खालची गोदामं बंद पडली. सपाटीवरचं काम संपलं! काम उरलं कुठे? टेकडीवर. तिथे पाण्याची मोठी टाकी बांधतायत आणि माल सगळा वर न्यायचा. माझी पहिली खेप निम्म्यात अडकली, ती तुम्हाला आत्ताच सांगितली. ठेकेदाराने बोलावून घेतलं. मला वाटलं, आता हाकलतो. तर त्याने खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाला, "हे बघा, तुमच्या आप्पांनी माझ्या वडिलांची कामं केलीत, म्हणून मी आवाज चढवत नाही. पण निम्म्यात उतरवलेला माल मी वर काय काखेत मारून नेऊ? सोमवारी परत भरा. न थांबता वर आलात, तर टाकी पुरी होईपर्यंत काम तुमचं. नाही आलात, तर मला दुसरी गाडी बघावी लागेल." बोलला काही चुकीचं? मी मान डोलावली. पण हे काम गेलं तर आत्याबाईंना विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. भंगारवाला तर आमच्या दारावरून जाताना त्यांच्याकडे बघून आवंढा गिळायचा. आणि आप्पांच्या डोळ्यांदेखत त्याला गाडी द्यायची? माझ्याने नसतं झालं ते.

मी तडक आमच्याच गल्लीतल्या मिस्त्रीकडे. म्हटलं, "मिस्त्री, टर्बो बसव!" तो हसला. हातातला पाना खाली ठेवून हसला. "बसवतो की! मग त्या दाबाने पिस्टन जातील, ते नवे टाकू. मग गिअरबॉक्स बोंब मारेल, तो नवा टाकू. मग क्लच. शेवटी जुने म्हणून फक्त तुम्ही उराल, तुमचंही काहीतरी करू." मी म्हटलं, "बाबा रे, खिशात हात घालतो तर अस्तर हाताला लागतं. असं काही सांग, जे फुकटात होईल." तर म्हणाला, "मग बाह्या वर करा आणि या खाली." झालं! मी ट्रकचा मालक, आणि ट्रकखाली उताणा, डोळ्यांत ऑइल ठिबकतंय!

एअर फिल्टर उघडला. आत्याबाई ज्यातून श्वास घेतात ती पेटी. तुम्हाला सांगतो, आत काय असावं? धूळ, वाळकी पानं, आणि उंदराने केलेली गादी... त्या गादीत माझ्याच हातमोज्याचा अंगठा! मी घरभर शोधत होतो तो! इंजिनात डिझेल फवारणारे नोझल साफ केले, वाल्व्हची फट बसवली. मागच्या एका चाकाचा ब्रेक घासत होता, म्हणजे मी आपला गाडी पुढे ओढतोय आणि गाडी स्वतःच स्वतःला मागे धरून बसलीये. तेवढ्यात आला आमचा मेहुणा. बायकोचा भाऊ. त्याचं घड्याळाचं दुकान आहे, त्यामुळे त्याला सगळं कळतं. "दाजी, पंपाचा स्क्रू फिरवा! डिझेल जास्त पाजा!" पाजलं. जो काळा धूर निघाला... शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरी! पांढऱ्या हो! काकू भांडायला आल्या नाहीत. चादरींची बादली उचलली, आमच्या मोरीत आणून ठेवली, आणि "वापरा हं आमची दोरी, वाळवायला लागेल" म्हणून गेल्या. मी धुतल्या चादरी. स्क्रू परत होता तिथे आणला. तक्रार नाही. माणसं चांगली, फार चांगली!

आता गंमत ऐका. सगळं झाल्यावर मिस्त्रीने बॉनेटखाली हात घातला आणि डिझेल पंपाचा दांडा, जो एरवी अॅक्सिलरेटरने हलतो, तो थेट हाताने पुरता दाबला. आहाहा! काय गरजली! मिस्त्रीच्या दुकानाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली! मी मिस्त्रीला मिठी मारली, तेलकट असला तरी. लगेच भरल्या गाडीने चढणीला गेलो, अॅक्सिलरेटर दाबला... आणि ढिम्म! तीच रड! तोच खोकला! परत आलो. हाताने दाबला, गरजली. रस्त्यावर पायाने दाबला, कण्हली. हाताने गरजते, पायाने कण्हते! मिस्त्री डोकं खाजवत गाडीभोवती फिरला, मग माझ्याभोवती फिरला, मला खालून वर न्याहाळलं, आणि अगदी डॉक्टरसारखा हळू आवाजात म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. गाडीत दोष नाही. तुमच्या पायात जोर नाही."

पायात जोर नाही!

बरं, ही बातमी माझ्याआधी घरी! दारात पोचतोय तर आमची ही कोमट तेलाची वाटी घेऊन उभी. "बसा. पाय द्या. उजवाच द्या." आणि मळायला लागली हो! लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी डोकं दाबलं नाही, आणि आता एका पायाचे असे लाड की डाव्याला वाईट वाटावं. मेहुण्याने स्वतःचे लोखंडी टाचेचे बूट आणून दिले, "वजन पडलं पाहिजे दाजी, वजन!" आणि मला उजव्या पायावर जिना चढायला लावलं. लंगडी घालत! या वयात! शेजारच्या काकू कठड्याला धरून म्हणतायत, "जमेल, जमेल, हळू!" आणि आमचे आप्पा? आप्पा दारात खुर्ची टाकून ऊन खात शेंगा सोलतायत. सगळं बघतायत. एक अक्षर बोलत नाहीत.

रविवार उजाडला. सोमवार तोंडावर, आणि पायात जोर काही येईना. मिस्त्री सुट्टी असून आला. म्हणाला, "पाय राहू द्या. निदान गाडी हलकी करू." मग आख्खं घर लागलं कामाला. आत्याबाईंच्या पोटातून काय काय निघालं म्हणून सांगू! मेलेली बॅटरी. गंजलेली साखळी, जिने काय बांधलं होतं कोणाला आठवत नाही. मुलीची लहानपणीची तीनचाकी. हिचा हरवलेला खलबत्ता... त्यावरून मागे मी माझ्या सख्ख्या बहिणीवर संशय घेऊ दिला होता हिला! खलबत्त्याकडे बघून हिने माझ्याकडे बघितलं. मी केबिनमध्ये शिरलो.

आणि केबिनमध्ये पायपोसं. आता आमच्या घरची एक रीत सांगतो. पायपोस फाटलं की आम्ही काढत नाही, त्याच्यावर दुसरं टाकतो. टाकून कशाला द्यायचं, खाली राहील, मऊ लागेल! तर वर रबराचं. त्याखाली काथ्याचं. त्याखाली गोधडी. त्याखाली आमच्या पहिल्या सोफ्याचं कापड... हिचे डोळे भरून आले ते बघून. उपसतोय, उपसतोय, आणि सगळ्यात खाली, केबिनच्या फळीवर, बरोबर अॅक्सिलरेटरच्या खाली... लाकडी ठोकळा! चांगला जाड, तेलाने काळा पडलेला, खिळे ठोकून पक्का बसवलेला, आणि त्यावर पेडलचा खोल वळ. म्हणजे मी पेडल दाबतोय, दाबतोय, आणि ते निम्म्यात ठोकळ्यावर टेकतंय! मला आपलं वाटायचं, तळ आला!

मिस्त्रीने ठोकळ्याकडे बघितलं. मग माझ्या पायाकडे. "पायाची माफी मागतो," म्हणाला. मी ओरडलो, "हा कोणी लावला?" आणि दारातून, शेंगेवरची नजर न काढता आवाज आला, "माझा आहे. जपून काढा, खिळे लांब आहेत."

आप्पा!

"तुम्ही लावलात?"

"मग काय उगवला आपोआप? तू पहिल्यांदा एकटा गाडी घेऊन निघालास ना, तेव्हा लावला. कसा निघालास? गल्लीतल्या कोंबड्या उडवत निघालास. तुझी आई उंबऱ्यात बसून रडायला लागली, जेवेना. मग मी ठोकळा बसवला, तिला आणून दाखवला. मग जेवली."

"मग काढलात का नाही?"

"तुला अक्कल आली की काढू, असं ठरलं होतं आमचं."

"अहो आप्पा, मी आजोबा व्हायला आलो!"

"हो ना," म्हणाले, "मीही तेच बघतोय."

"आणि हा आख्खा आठवडा? बघत होतात ना सगळं? बोलला का नाहीत?"

"मला कोणी विचारलं? सगळे तेल चोळत होते."

आता सांगा! संतापायचं की नाही माणसाने? मी संतापणारच होतो. तोंड उघडलं होतं. पण हातात तो ठोकळा, आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. मी आजवर चारचौघांत काय सांगत फिरलो? "आपला हात कसा सफाईदार! गाडीवर ओरखडा नाही!" कसला हात? हा ठोकळा! पावसात, धुक्यात, झोप डोळ्यांवर असताना, घरी पोचायची घाई असताना, हाच माझा पाय धरून बसला होता. रोज संध्याकाळी माझ्या मुलीला तिचा बाप धडधाकट दिसला, तो याच्यामुळे. आई जाऊन किती वर्षं झाली, आणि तिची काळजी अजून माझ्या पायाखाली ठोकलेली होती हो! आप्पांनी सोललेल्या शेंगा पुढे केल्या. मी खाल्ल्या. तक्रार कसली करता... माणसं चांगली, फार चांगली!

सोमवारी गाडी भरली. आप्पा म्हणाले, मी येणार, पुढे बसणार. ही म्हणाली, मीही येणार. ती मागे, गोण्यांवर, मांडीत दगड घेऊन, चाकाखाली सारायला. म्हटलं, "विश्वास नाही का?" म्हणाली, "तुमच्यावर आहे. हँडब्रेकवर नाही." निघालो. चढण लागली. दुसरा गिअर. ते निम्म्यावरचं वळण आलं, जिथे आत्याबाईंनी मान टाकली होती. मी पाय दाबला... आणि पाय खाली गेला हो! जिथे आजवर तळ होता त्याच्याही खाली गेला! आत्याबाई गरजल्या! एकदा थरथरल्या, इंजिनातलं पाणी किती तापलं ते दाखवणारा काटा वर सरकला, मागून हिची हाक आली, "टाकू का दगड?" मी म्हटलं, "नको!" वळण गेलं! दुसरं गेलं! आणि तुम्हाला सांगतो, वर टाकीपाशी जाऊन थांबलो तेव्हा ठेकेदार स्वतः पुढे आला, त्याने आधी आप्पांच्या पायाला हात लावला आणि मग मला म्हणाला, "उद्यापासून या." भंगारवाल्याच्या नशिबात नव्हतं ते! मी आत्याबाईंच्या बॉनेटवर डोकं टेकलं. कपाळ भाजलं, पण टेकलं.

आणि मग... मोकळी गाडी, खालचा सपाट रस्ता, समोर कोणी नाही, आणि पायाखाली ठोकळा नाही. तुम्ही काय केलं असतं? दाबला मी! पुरता! आयुष्यात पहिल्यांदा! आत्याबाई अशा पळाल्या की मागून हिच्या किंकाळ्या, खिडकीतून वारा, मी मोठमोठ्याने हसतोय... आप्पा दोन्ही हातांनी दांडी धरून समोर बघत बसले.

घरी आलो. आप्पा उतरले, चप्पल नीट केली, आणि म्हणाले, "करवत आण."

ठोकळा बरोबर मधोमध कापला. जाडीतून. "वर जाताना मी तुझ्या पायाकडेच बघत होतो," म्हणाले. "एवढी जागा लागली चढायला. बाकीची तू खाली उधळायला वापरलीस." आणि शिरले केबिनमध्ये हातोडी घेऊन. मी, केस पिकलेला माणूस, बातमी ऐकून आलेल्या जावयाच्या देखत, गुडघ्यावर बसून त्यांना खिळे देतोय. शेवटचा खिळा देताना न राहवून विचारलंच, "आप्पा, म्हणजे आता अर्धी तरी आली ना मला अक्कल?"

त्यांनी चष्मा वर केला, मला नीट निरखून बघितलं, आणि म्हणाले, "चढण्यापुरती आली."

उतरण्यापुरती कधी येते, त्याची वाट बघतोय आता. आम्ही दोघंही.