निनावी साक्ष

हॅलो?... हॅलो, कोण?... अय्या, सुहासिनीताई! नंबर भलताच दिसला हो... नाही, नाही, इकडे सगळ्यांचं तसंच. इंटरनेटवरून फोन केला की नाशिकचं माणूसही कुठल्या कुठल्या देशाचा नंबर दाखवतं. आम्ही सौदीतले दम्मामवाले नंबर बघतच नाही, आवाज ओळखतो.

बोला ना. आपल्या कर्जदार मंडळाची उद्याची खासदारांची भेट नक्की?... वा! मग तोच मुद्दा आधी मांडा. कर्जात बुडालेल्या माणसानं रीतसर दिवाळखोरी मागितली तर त्याचं नाव चव्हाट्यावर नको. अन् वसुलीवाल्यांनी ऑफिसात, शेजारीपाजारी फोन करायचे नाहीत, हे कायद्यातच लिहा म्हणावं... हो, हो... अहो ताई, ऐका ना. माझ्या नवऱ्याची आधीची नोकरी त्यानंच गेली ना? इंद्रनीलचं कर्ज नाशिकच्या धंद्याचं, अन् फोन इथल्या कफीलला, व्हिसा देणाऱ्या मालकाला! खलास.

माझी साक्ष? वाचा की. फक्त नाव नको... काय? नव्या कंपनीचं नाव? ते कशाला?... खासदारांची खात्री पटायला... पण तुम्हीच बजावलं होतंत ना, मलासुद्धा सांगू नकोस म्हणून... हं... बाहेर जाणार नाही ना?... बरं. तुमच्यापासून काय लपवायचं? रास तनुराला, उमैर साहेबांच्या पाइपांच्या कंपनीत... हो, उमैर.

आज तुम्हाला दम लागत नाहीये, ताई. औषध बदललंत?... अहो, मी दम्याचं विचारतेय. ‘घाबरू नकोस, नाव बाहेर जाणार नाही’ हे मघाशीच सांगितलंत की. अगदी तस्संच, त्याच सुरात... ताई? तुमच्याकडे एवढं सामसूम कसं? पंखासुद्धा ऐकू येत नाही...

एक मिनिट हं. काय गं इरा?... बाबांच्या जुन्या मोबाइलवर? कोण?... सुहासिनीमावशी?... खोकताहेत?

...

हॅलो. तुम्ही कोण बोलताय?... नाही. सुहासिनीताई तिकडे माझ्या लेकीशी बोलताहेत. त्यांचा आवाज कुठून आणलात? भाषणांच्या व्हिडिओतून?... हसू नका! त्यांच्या आवाजात हसू नका, अंगावर काटा येतो...

हे बघा, पाया पडते तुमच्या. कंपनीत फोन करू नका. आमचा इकामा, इथं राहायचा परवाना, त्या नोकरीवर आहे, पोरीची शाळा आहे... वसुलीवालेच ना तुम्ही?... मला ‘बाळा’ म्हणू नका!

इरा, मावशींचा फोन ठेव, बाबांना लाव. लवकर!... बिझी? परत लाव... लागला? सांग त्यांना, कुणाचाही फोन आला तरी... काय?... काय म्हणताहेत बाबा?

दुसऱ्या लाइनवर मम्मा आहे?

अगं, मी तर इथे... तिला साहेबांशी बोलायचंय? फोन साहेबांच्या हातात देताहेत?... इरा, ओरड! देऊ नका म्हणावं, ती मी नाही!... इरा?... कट झाला?

हॅलो? अहो, हॅलो?... हॅलो?