आत्याबाईंचं दही

आणि त्यात केळी. तुम्हीच सांगा, ज्या बाईच्या तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही म्हणून डॉक्टर ओरडून गेलेत, तिच्या उशाशी केळी कोण आणून ठेवतं? आमच्याकडे ठेवतात. खाटेच्या पायाशी पाटी टांगली होती, ‘तोंडाने काही देऊ नये’, तर त्याच पाटीच्या खिळ्याला कुणीतरी केळ्यांची पिशवी अडकवली, पाटी गेली पिशवीमागे, आणि मी बघत उभी. मी काय बोलणार? मी नवीन.

नवीन म्हणजे हातातला हिरवा चुडा अजून तसाच होता. माहेर माझं रोह्याला लागून वरसे, आणि सासर इकडे धरमतरच्या खाडीकडे, मिठागरवाल्यांचं घर. सासूबाई, विमलबाई त्यांचं नाव, सकाळी चुलीपुढे पोट धरून बसल्या त्या उठेचनात. मिनीडोर रिक्षात आडवं घालून पेणला आणलं. डॉक्टरांनी पोट दाबलं, सासूबाई किंचाळल्या, आणि डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स, आजच कापायचं. भूल देणारे डॉक्टर पनवेलहून दुपारी येणार, काम झालं की लगेच निघणार. तोवर पोट रिकामं पाहिजे. भुलीत उलटी झाली आणि छातीत गेली तर जिवावर बेतेल, आणि आज राहिलं तर ते आतडं उद्यापर्यंत फुटायचं थांबेल याचीही हमी नाही.

हे सांगितलं कुणाला? सासऱ्यांना. मिठागरावर अख्खी टोळी हाकणारा माणूस, पण दवाखान्याचा नुसता वास त्यांना सोसत नाही. “व्हय साहेब, व्हय साहेब” म्हणत भिंतीला टेकले आणि टेकता टेकता खाली बसले. मग डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. “सून ना तू? लक्ष ठेव.” झालं. आमचे हे रोह्याला कंपनीत शिफ्टला, गेटवर फोन करून निरोप ठेवलेला, तो त्यांना कधी मिळणार देव जाणे. तोवर अख्ख्या गोतावळ्यापुढे कोण? मी!

आणि गोतावळा केवढा, तुम्हाला सांगते... ज्यांना आमच्या लग्नाला यायला जमलं नव्हतं ते सगळे दवाखान्यात आले. एका फेरीत दोन कामं, पेशंटही बघायचा आणि सूनही बघायची. म्हणजे प्रत्येक आल्यागेल्याला मी वाकायचं, डोक्यावरचा पदर सावरायचा, आणि वाकून वर बघते तो कुणीतरी सासूबाईंच्या ओठाला कपबशी लावलेली. “घोटभर चायनं काय व्हतंय गो?” मी कपबशी हळूच सरकवायची, तोंडातल्या तोंडात “डॉक्टरांनी...” म्हणायचं, तोवर दुसऱ्या बाजूने बिस्कीट. शेजारच्या काशीबाई उशाशी बसून धीर देत होत्या. धीर कसा? “घाबरू नको विमल, माझ्या जावेलापण असंच झालेला. आत नेली ती हसत गेली.” पुढचं काही सांगेचनात. सासूबाईंनी माझा हात असा घट्ट धरला की दोन बांगड्या तिथेच वाढवल्या. लग्न झाल्यापासून त्या माझ्याशी मोजकंच बोलायच्या, मीठ बघ, दिवा लाव, एवढंच. आता माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “पोरी, घोटभर पाणी दे गो. कुणाला नाय सांगत.” ओठांची सालं निघत होती हो. मी कापूस ओला करून ओठांवर फिरवला, तर तो कापूसच चोखायला लागल्या. काढून घेतला मी. कसा काढून घेतला ते माझं मला ठाऊक. पण बोलणार काय? मी नवीन.

शेवटी पनवेलचे डॉक्टर आले. शकू सिस्टर स्ट्रेचर घेऊन आल्या, सलाईनची काचेची बाटली स्टँडवरून काढली आणि माझ्या हातात दिली. उंच धर, खाली आणू नको. त्याआधी सासूबाईंनी मंगळसूत्र, कुड्या, नथ रुमालात बांधून माझ्या दुसऱ्या मुठीत कोंबलेलं, “मूठ उघडू नको, कुणाच्या हाती देऊ नको.” म्हणजे एक हात आभाळात आणि एक मुठीत बंद. आणि बरोबर त्या वेळेला दारातून कोण यावं? गोदूबाई आत्या. सासऱ्यांची थोरली बहीण, जोह्याला दिलेली. त्यांच्यापुढे सासऱ्यांनी जन्मात मान वर केलेली नाही. हातात पदराखाली झाकलेली वाटी.

दही-साखर.

तुमच्या घरी नाही देत? परीक्षेला जाताना, गावाला जाताना, चांगल्या कामाला निघताना हातावर देतात ना, तसं. आत्याबाईंचं म्हणणं, याहून मोठं काम ते कुठलं? “उपाशीपोटी सुरीखाली जाते का कुणी? हात कर विमल.” मी म्हटलं, आत्याबाई, नका देऊ. म्हटलं म्हणजे ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. आत्याबाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “डाक्टर काय आईच्या दुधावर नाय वाढला? दूध नि दही एकच.” सिस्टर पुढे दार उघडायला गेलेल्या. सासरे जमिनीकडे बघत. आणि सासूबाईंनी, काय सांगू, देवाचा तीर्थप्रसाद घ्यावा तसा तळवा पुढे केला. भुकेने नाही, भीतीने. आत्याबाईंनी भला मोठा गोळा ठेवला. तळवा तोंडाकडे निघाला...

मी काय करणार होते? हात कुठे होते मला? मी वाकले, आणि सासूबाईंच्या तळव्याला तोंड लावून ते दही खाऊन टाकलं.

आत्याबाईंना वाटलं, आपलंच काही चुकलं, त्यांनी दुसरा गोळा ठेवला. तोही खाल्ला. मग त्यांनी राहिलेली वाटीच सासूबाईंच्या ओठाला लावायला उचलली, तर मी वाटीतच तोंड घातलं. डोक्यावरचा पदर कुठल्या कुठे, नाकाला दही, साखर दाताखाली करकरतेय, आणि बाटली मात्र वरच. तेवढ्यात स्ट्रेचर आत गेलं, सिस्टरांनी बाटली घेतली, आणि दार बंद.

आता बाहेर मी आणि ते सगळे. मला वाटलं, आता आत्याबाई मला वरशाच्या गाडीत बसवून देणार. आत काय चाललंय कळत नाही, तो काढून घेतलेला कापूस डोळ्यांपुढून जात नाही, आणि बाकावर बायकांची कुजबुज. मी मुठीतला रुमाल दाबून धरलेला, कुड्यांच्या फिरक्या तळव्यात रुतलेल्या, तरी मूठ सैल करवत नव्हती.

किती वेळाने ते दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, झालं, बरी आहे, अगदी फुटायच्या बेतात होतं. पोट रिकामं होतं म्हणून निभावलं. सासरे पहिल्यांदा उभे राहिले आणि रडले. मीही भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं.

वळते तो आत्याबाई समोर. पदराने माझं नाक पुसलं, गालावरून हात फिरवून बोटं मोडली. “आंबटाचे एवढे डोहाळे लागलेत तर सांगायचं नाय गो? पहिला म्हयना का दुसरा?”

मी म्हटलं, नाही हो आत्याबाई... पण आवाज? तोवर काशीबाई कुणालातरी चिंचा आणायला पाठवून मोकळ्या. मला बाकावर बसवलं, पाय वर घ्यायला लावले. सासूबाई भुलीतून जाग्या झाल्या तर त्यांच्या कानात औषधाआधी ही बातमी गेली, आणि त्या बाई, जन्मात माझ्याकडे बघून हसल्या नव्हत्या त्या, टाके दुखत असताना हसल्या. वर डॉक्टरांनी बजावलेलं, चार दिवस यांच्या मनाला धक्का लागेल असं काही बोलायचं नाही. आता सांगा, मी काय बोलणार?

संध्याकाळी आमचे हे रोह्याहून धावत आले. आईला बघून आले आणि माझ्याजवळ बाकावर बसले. तोंड जरासं फुगलेलं.

“पेण नाक्यावर मिनीडोरवाल्याने माझं अभिनंदन केलं,” म्हणाले. “मला आधी सांगायचंस ना.”

मी म्हटलं, “मलाही आत्ताच कळलं.”