काचेची धार

—नाही ओ काकू, बेल वाजलीच नाही, शप्पथ! वाजली असती तर उघडलं नसतं का मी? तुम्ही गुडघे दुखत असताना जिना चढून येणार आणि मी मुद्दाम आत बसून राहणार — असा वाटतो का मी? बिघडली असेल. ती चिवचिव करणारी, चिमणीची बेल ना — चायनाचा माल, टिकून टिकून किती टिकणार! सगळंच बिघडलंय घरात. आई गावी, आपट्याला आजीकडे गेल्यापासून कुकरसुद्धा — नवीन गॅस्केट टाकलं तरी शिट्टीच देत नाही. काल डाळीचा कोळसा झाला, वासावरून कळलं.

या ना आत. नको? बरं. गिटार बंदच केलीय, काळजी करू नका. कानात टोचतं? तुम्हालाही? कमाल आहे — समीक्षा, आमच्या बँडची सिंगर, तीही हेच. रविवारी बेलपाड्याच्या हॉलवर प्रॅक्टिसला चक्क कानात कापूस घालून उभी, आणि सगळ्यांसमोर मला, 'मितेश, ट्रेबल कमी कर, दात आंबले!' अगं, कमी काय करू? ट्रेबलचं, म्हणजे वरच्या बारीक आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत वाढवलंय, तरी मला आवाज दबलेलाच येतोय — गोधडीत गुंडाळून वाजवल्यासारखा.

ते सत्तर सालातलं रॉक असतं ना काकू, त्यातली गिटार — खाली मधासारखी घट्ट, आणि वर काचेची धार. दोन्ही एकदम. कॉलेजात असताना डोळे मिटून लावायचो मी तो टोन. अ‍ॅम्प जरा तापू द्यायचा, ओव्हरड्राइव्हचं पेडल अर्ध्यावर, मागे थोडा घुमारा — झालं. आणि अ‍ॅम्पला अगदी चिकटून बसायचं, छातीत धडधड व्हायला पाहिजे, तर मजा. आता तारा बदलल्या, केबल बदलली, पेडल बदललं, मित्राचा अ‍ॅम्प उचलून आणला — मध येतो, धार येत नाही. दमलो ओ. आणि गंमत सांगू? परवा मूळ रेकॉर्डिंग लावलं, ताडून बघायला — तर त्यातनंही धार गायब! म्हटलं, हे अ‍ॅपवाले गाणी दाबून टाकतात. हेडफोन बदलले. तरी तेच.

शनिवारी खारघरला शो आहे. बँडमधला परेश माझ्या पाठीमागे उभं राहून बोलत होता — टोन नाही बसला तर सोलो दुसऱ्या गिटारवालीला, अनुष्काला देऊ. त्याला वाटलं, मला ऐकू येत नाही. येतं की! तो सोलो माझा आहे, काकू. तेवढ्यासाठी तर ठेवलंय मला बँडमध्ये, बाकी काय येतं मला?

कान? कान कशाला दाखवू? तुमचं बोलणं ऐकतोय ना एवढं नीट? शांत असलं की आत एक बारीक शिट्टी वाजत राहते, तेवढंच — ती काय, सगळ्यांच्याच वाजते. — नाही वाजत तुमच्या?

अहो, बेलच बिघडलीय, सांगतोय ना! दाबा बरं तुम्ही. दाबा, माझ्यासमोर दाबा. जोरात... दाबलंय? धरून ठेवा तसंच. बघा! काय वाजतंय? काही नाही. मेलेली आहे चि—

समोरच्या सुमतीमावशी का दार उघडतायत?

काय मावशी? ...कोण एवढी बेल वाजवतंय म्हणून?

...

बोट काढा, काकू.

नाही, काही नाही झालं. समीक्षाला बोलू नका हां, ती भेटली तर. शनिवारपर्यंत तरी. वाजवत नाही आता मी, खरंच. जा तुम्ही.