सासूबाईंच्या बांगड्या

जळीत विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दोन जावा बसल्या होत्या. सासूबाईंच्या हातावर उकळतं पाणी सांडलं होतं. आधी थोरली बोलली.

“डॉक्टर काय कौतुक करत होते तुझं! वीस मिनिटं नळाखाली हात धरलास म्हणे.”

“तुम्ही टूथपेस्ट फासायला निघाला होतात, ताई. कुणीतरी नळ सोडायलाच हवा होता.”

“मी आपली अडाणी. पण बांगड्या बऱ्या लगेच काढून घेतल्यास!”

“हात सुजला की त्या रुततात. मग कापाव्या लागतात.”

“हो का? बावीस वर्षं त्यांचं करतेय. मला कधी त्या बांगड्यांना बोट लावू दिलं नाही.”

“मला तरी कुठे देत होत्या? तुम्ही रिक्षा आणायला गेलात, तेव्हा एवढ्या भाजलेल्या हाताची मूठ आवळून बसल्या. ‘थोरलीलाच देईन’ असं वदवून घेतलं, तेव्हा सोडली. त्या मी तुमच्याच पर्समध्ये टाकल्या आहेत.”

थोरलीने पर्सची चेन उघडली. बराच वेळ ती लावली नाही.

“आणखी काय म्हणाल्या गं?”

“काय म्हणणार? वीस मिनिटं हात मी धरला होता, आणि हाका तुम्हाला मारत होत्या.”