पहिला फर्मा

(बाइंडिंगखाना. दुपारचं ऊन टेबलापर्यंत आलेलं.)

लेक : सही कर ना आई. पाचला कॉलेजची खिडकी बंद होते.

आई : हाताला खळ लागलीय. आधी वाचून दाखव.

लेक : 'माझ्या मुलीला गणित झेपत नसल्याने तिला हा विषय सोडण्याची परवानगी द्यावी.'

आई : हे मी कधी म्हटलं?

लेक : सरांनीच लिहून दिलंय. तू फक्त सही करायची.

आई : वा! तोंड माझं, बोलणार तो.

मावशी : कशात अडलीस गं?

लेक : इंडक्शनमध्ये. तुम्हाला नाही कळायचं, मावशी.

मावशी : बरं बाई. आम्ही आपल्या पुस्तकं शिवणाऱ्या.

आई : ऐटीत बसू नकोस. ऊठ, फर्मे उचल. प्रत्येक गठ्ठ्यातली सोळा पानांची एक घडी, टेबलाभोवती फिरत.

लेक : सहा गठ्ठे. आई, हे सहा फर्मे सातशेवीस तऱ्हांनी लावता येतात.

आई : त्यातली बरोबर एकच.

लेक : बाकीचीही पुस्तकंच ना? एकात म्हातारी मरते आणि मग तिचं लग्न ठरतं. एकात बोट आधी बुडते, मग तिला रंग देतात. एखाद्यात बाबा शेवटच्या पानावर परत येतात...

आई : त्या पुस्तकाला मी खळ लावणार नाही.

लेक : उन्हातली कागदाची धूळ बघ. खाली पडतच नाहीये.

आई : सातशेवीस कशावरून?

लेक : पाच फर्मे एकशेवीस तऱ्हांनी लागतात असं धर. सहावा हातात आला. तो सगळ्यांच्या आधी ठेव, शेवटी ठेव, नाहीतर मधल्या चार फटींत. सहा जागा. एकशेवीस गुणिले सहा.

आई : सातवा आला की सात जागा.

लेक : हो! कितीही आले तरी. मागची पायरी खरी, तर पुढची खरी, हेच इंडक्शन. पेपरात हेच लिहिलं. शून्य दिलं.

आई : का?

लेक : पहिली पायरी तपासलीच नाही म्हणे. फर्मा एकच असेल तर किती तऱ्हा? एक! त्यात काय तपासायचं? भर वर्गात म्हणाले, घरात कुणी शिकलेलं नसलं की असं होतं.

मावशी : अगं, तुझ्या आईनं अगदी हेच केलं होतं!

आई : गप गं.

मावशी : का गप? घडीच्या पाठीवरची ही काळी खूण बघ पोरी. प्रत्येक फर्म्याची आधीच्यापेक्षा नखभर खाली. क्रम नीट लागला की जिना दिसतो.

आई : मी जिनाच बघत बसले. एकही पायरी चुकलेली नाही. तीनशे प्रती शिवून, चिकटवून मोकळी झाले.

लेक : मग?

आई : जिना दुसऱ्या फर्म्यापासून सुरू होत होता. पहिल्याचा गठ्ठा टेबलाखाली, तसाच बांधलेला. पुस्तक उघडलं की थेट सतरावं पान, तेही अर्ध्या वाक्यापासून.

लेक : मालक काय म्हणाला?

आई : अडाणी बायका ठेवल्या की असं होतं.

लेक : काम नाही सोडलंस?

आई : तीनशे प्रती उसवल्या. बोटं सोलली. परत शिवल्या. चूक माझी होती, मी निस्तरली. 'अडाणी' हा शब्द त्याचा. तो मी सही करून घेतला नाही. तुला गणित सोडायचंय? सोड. पण स्वतःच्या शब्दांत लिही, मग करते सही.

मावशी : पावणेपाच झाले गं.

लेक : या अर्जाची मागची बाजू कोरी आहे.

आई : मग?

लेक : पेन्सिल दे.

आई : घे. दुसरा फर्मा आला, तर जागा किती?

लेक : थांब आई. पहिला अजून लिहितेय.