दुसरा डबा

— नाही डॉक्टर, दुसरी कोंबडी नका कापू, एकीतच कळलं ना सगळं — म्हणजे कापा, तुमचं काम आहे ते, मी आपला टेबलाच्या या बाजूला थांबतो. हे आतडं का हो? आतून असं खरखरीत — जुना पंचा वाळून कडक झाल्यासारखं. आणि चांगल्या कोंबडीचं मऊ असतं? परवापर्यंत अंडी घालत होती ही. मास्तरीण म्हणायचो तिला, बाकीच्यांना टोचून टोचून रांगेत लावायची.

काय म्हणालात — जंतू आधीपासूनच पोटात होते? निमूट राहत होते, आणि एकदम चंगळ झाली म्हणून माजले, विष सोडायला लागले, त्या विषानं आतड्याच्या अस्तराला भोकं पडली, आणि आतली घाण रक्तातून थेट काळजापर्यंत — समजलो ना बरोबर? सातवीत शाळा सोडली मी, पण एवढं कळलं. चंगळ म्हणजे — मासळीची भुकटी? तीच?

दादानं सांगितलंच असेल, खाद्य वहिनी कालवते. हो, तीच कालवते. पोत्यामागे एक डबा भुकटी, वरून पट्टी फिरवून सपाट, कणभर जास्त नाही. तरी काल एकशेबारा मेलेल्या बघून दादा सगळ्यांदेखत तिला म्हणाला, "तुझ्या हाताला यशच नाही." ती मेलेल्या पोत्यात भरत राहिली. मीही भरत राहिलो — मी काय, तसा कुणाशीच फार बोलत नाही, लहानपणापासून —

अंडी बारीक यायला लागली होती हो! दादा जेवताना म्हणाला, "आता काय चिमण्यांची अंडी विकायची?" मला वाटलं, बिचाऱ्यांना जरा पौष्टिक देऊ. वहिनी कालवून गेली की मी मागून आणखी एक डबा. एक काय — शेवटी शेवटी दोन. आणि आधी खरंच मोठी आली, का मला वाटली, कोण जाणे. दादा खूश. वहिनीला म्हणाला, "जादू केलीस!" ती माझ्याकडे बघायला लागली. तेव्हाच सांगायचं होतं, पण लाजलो. मग शिट पातळ झाली, नारिंगी, फेसाळ — तर त्यावर मीच कोरडा भुसा पसरला. कुणाला दिसू नये म्हणून. दिसलं असतं तर तुम्हाला आधीच बोलावलं असतं ना? नका सांगू. माहीत आहे मला.

तुम्हीच लिहा ना कागदावर — चूक धाकट्या भावाची. असं लिहीत नाहीत? नुसतं 'भुकटी जास्त झाली'? अहो, मग दादा तो कागद घेऊन सरळ वहिनीकडेच जाईल की!

थांबा — गाडी वाजली. आला दादा. बादलीत पाणी आहे, साबण कट्ट्यावर — हात धुवा आणि निघा तुम्ही. नाही, खरंच निघा. तुम्ही इथं असलात तर मी तुमच्याशीच बोलत बसेन. तो कागद ठेवा इथं. मागच्या दारानं जा, डॉक्टर, आणि दार ओढून घ्या.